रिकामी सीट आणि दुसऱ्याचा नंबर
मनोरंजन उद्यानाच्या रांगेतून दुकानदार व कारागिरांनी घ्यावयाचा धडा

रांगेत उभे राहणे मुंबईच्या माणसाला नवीन नाही. रेशनचे दुकान, बेस्टचा बसस्टॉप, रेल्वेची तिकीट खिडकी, सरकारी दवाखाना, सगळीकडे रांग आहे. तरीही रांग कशी चालते, ती कुठे अडते आणि मागचा माणूस पुढे गेला तर तो आपला हक्क घेऊन गेला की केवळ वाया जाणारी जागा घेऊन गेला, हा हिशेब आपण सहसा करीत नाही. व्यापाऱ्याने तर तो करायलाच हवा. दुकानासमोर गर्दी होणे ही जशी बरकत आहे, तसे ती गर्दी कंटाळून परत जाणे हे नुकसान आहे.

हा हिशेब फार बारकाईने केला आहे तो मोठमोठी मनोरंजन उद्याने चालविणाऱ्यांनी. एकट्याने बसायला तयार असलेल्या माणसांसाठी वेगळी रांग ठेवणे ही त्यांची एक युक्ती. तिला 'सिंगल रायडर'ची रांग म्हणतात. वरवर पाहता हा मुलांच्या खेळाचा विषय वाटेल. पण त्यामागचा हिशेब कापडाच्या दुकानाला, शिंप्याच्या मशीनला आणि मालाच्या टेम्पोलाही तितकाच लागू आहे. म्हणून तो या पानावर मांडीत आहोत.

उद्यानाचा माल कोणता?

कापडाचा तागा आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. फॅशन गेली तर भाव उतरवून काढता येतो. शेवटी उरलेला तुकडा कटपीस म्हणून जातो आणि त्याच्याही खालची चिंधी गादीवाला घेऊन जातो. पण पाळण्यातील रिकामी सीट गोदामात ठेवता येत नाही. गाडी सुटली की ती सीट कायमची गेली. तो बर्फासारखा माल आहे, विकला तर पैसा, नाही तर पाणी.

आपल्या भागातील कुटुंबांना असली उद्याने परिचयाची आहेत. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंग्डम आले. त्या काळात ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाँचमधून खाडी ओलांडून तिकडे गेलेली अनेक कुटुंबे चेंबूर, गोवंडी, कुर्ल्यात आढळतील. पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इमॅजिका सुरू झाले. चेंबूरहून सायन-पनवेल रस्त्याने निघून पनवेलजवळ एक्स्प्रेस-वेला लागले की तेथे जाता येते. तेथील निट्रो हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, गाडीचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिच्यात चार-चार माणसांच्या ओळी असतात.

अशा उद्यानात गिऱ्हाईक एकदाच, दारावर पैसे देतो. आत गेल्यावर तो खर्च करतो ती त्याची वेळ. दिवसभराचे महागडे तिकीट काढून गेलेल्या कुटुंबाला प्रत्येक मोठ्या राइडसाठी एक-एक तास उभे राहावे लागले, तर संध्याकाळपर्यंत पाच-सहाच राइड पदरात पडतात. म्हणजे रांगेतला वेळ हीच तिकिटाची दुसरी किंमत आहे. ती बोर्डावर छापलेली नसते इतकेच.

शेअर रिक्षाचा कायदा

एकट्याच्या रांगेचे तत्त्व समजण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाजवळ पाच मिनिटे उभे राहावे. मागच्या सीटवर तीन माणसांची जागा. मियाँ-बीवी दोघे बसले आहेत, तिसरी जागा रिकामी. रांगेत पुढचा नंबर आई आणि मुलीचा आहे. त्या दोघी वेगवेगळ्या रिक्षांत बसणार नाहीत. मग ड्रायव्हर ओरडतो, "एक सीट, एक सीट!" आणि रांगेत सातव्या-आठव्या नंबरवर उभा असलेला एकटा माणूस पुढे येऊन बसतो.

मायलेकींचे काही बिघडले का? नाही. त्या सीटचा त्यांना उपयोगच नव्हता. उलट रिक्षा लवकर सुटली, म्हणून मागची रिक्षा लवकर लागली. आणि रांगेतून एक माणूस कमी झाला, तो वेगळाच फायदा. एकटा माणूस नंबर सोडून पुढे गेला, पण कोणाचा हक्क मारून गेला नाही. चौथा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी कोंबला तर मात्र ती रिकामी सीट नव्हे, तो नियमभंग आहे.

फ्लोरिडातील डिस्नेच्या एपकॉट उद्यानात १९९९ मध्ये सुरू झालेल्या टेस्ट ट्रॅक या मोटारीच्या राइडमध्ये अगदी हीच स्थिती होती. प्रत्येक मोटारीत दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन माणसे, आपल्या रिक्षासारखी. लोक येतात ते बहुधा दोघे किंवा चौघे मिळून. तीनच्या ओळीत दोघे बसले की एक सीट उरते. ती भरण्यासाठी एकट्यांची वेगळी रांग ठेवण्यात आली. २००६ मध्ये तेथेच अॅनिमल किंग्डम या उद्यानात हिमालयाच्या देखाव्याचा एक्स्पिडिशन एव्हरेस्ट हा कोस्टर सुरू झाला. त्यात ओळी दोन-दोनच्या आहेत. तेथे तिघांचे किंवा पाचांचे कुटुंब आले की एक जागा मोकळी राहते, म्हणून तेथेही एकट्यांची रांग आली. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी लोकांना डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांपाशीही अशी एकट्यांची रांग असते.

कारागीर वाचकांसाठी याहून सोपे उदाहरण कटिंग मास्तरचे आहे. कापडावर पाठ, पुढा आणि बाह्या यांचे मोठे भाग आखून झाले की मधल्या पोकळीत तो कॉलर, कफ आणि खिशाचे तुकडे बसवितो. त्यासाठी एक इंचही जादा कापड लागत नाही. एकटा प्रवासी म्हणजे हा खिशाचा तुकडा.

आता आकड्यांत पाहू

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. एका राइडच्या मोटारीत सहा जागा आहेत आणि दर २० सेकंदांनी एक मोटार सुटते. म्हणजे तासाला १८० मोटारी आणि १०८० जागा. कुटुंबे मोडायची नाहीत म्हणून प्रत्येक मोटारीत सरासरी एक जागा रिकामी जाते असे धरा. तर तासाला १८० जागा वाया आणि प्रत्यक्षात ९०० माणसे बसली. बाहेर ९०० माणसांची रांग असेल तर शेवटच्या माणसाला ६० मिनिटे लागतील.

आता वेगळी रांग काढली आणि या ९०० पैकी ६० माणसे एकट्याने बसायला तयार झाली. मुख्य रांगेत ८४० उरली. त्यांच्या पाच जागा प्रत्येक मोटारीत कायम आहेत, म्हणून त्यांना ५६ मिनिटे लागतील. एकट्यांच्या वाट्याला तासाला १८० जागा आहेत, म्हणून साठांतल्या शेवटच्याला २० मिनिटे लागतील. एकट्यांची ४० मिनिटे वाचली आणि मुख्य रांगेचीही ४ मिनिटे वाचली. मोटार तीच, चालविण्याचा खर्च तोच, नुकसान कोणाचेच नाही. वाया जाणारी वस्तू कामाला आली, एवढाच फरक.

पण ६० च्या जागी १५० माणसे तिकडे गेली तर? मुख्य रांगेत ७५० उरतील आणि त्यांना ५० मिनिटे लागतील. एकट्यांनाही १५० भागिले १८० प्रमाणे ५० मिनिटेच लागतील. फायदा बरोबरीत आला. आणि २४० माणसे तिकडे धावली तर मुख्य रांग ४४ मिनिटांत संपेल, पण एकट्यांच्या रांगेतील शेवटचा माणूस ८० मिनिटे उभा राहील. ज्याला आपण जवळची वाट समजलो, ती लांबची ठरली.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, एकट्यांची रांग लहान दिसते म्हणून ती वेगाने चालतेच असे नाही. तिला मिळतात त्या उरलेल्या जागा. सगळी कुटुंबे नेमकी ओळीत बसतील अशीच आली, तर मोटारीमागून मोटार सुटेल आणि एकटा माणूस तेथेच राहील. दुसरी, ही सोय थोड्यांसाठीच आहे. म्हणून एकट्यांची रांग फार वाढली की उद्यानवाले ती काही वेळ बंद करतात.

सोयीची किंमतही आहे. एकट्याला जागा निवडता येत नाही. बरोबरचे दोस्त वेगवेगळ्या गाड्यांत जातात. मुख्य रांगेत राइडपूर्वी जो देखावा किंवा फिल्म दाखवितात ती एकट्यांच्या रांगेतून बहुधा दिसत नाही. लहान मुलांना या रांगेत सोडता येत नाही. तेव्हा वाचकांनी मुलाबाळांसह कोठे गेल्यास तेथे अशी रांग आहे का, हे दारावरच विचारावे. जाणत्या मुलांना तिकडे पाठवावे आणि लहान मूल बरोबर असेल तर मुख्य रांगच धरावी. परदेशातील काही उद्यानांत आई-वडिलांनी आळीपाळीने बसण्याची सोय असते. एक जण बसून येईपर्यंत दुसरा मूल सांभाळतो आणि मग त्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हेही विचारून घेण्यासारखे आहे.

पैसे देऊन पुढे जाणे

रांग टाळण्याचा दुसरा मार्ग अलीकडे जास्त पसरला आहे, तो म्हणजे ज्यादा पैसे देऊन पुढे जाण्याचा. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता. पाहुण्याला ठरावीक वेळेची चिठ्ठी मिळे आणि त्या वेळेला तो आला की वेगळ्या दाराने आत जाई. २०२१ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात त्याच्या जागी पैसे घेऊन पुढे सोडण्याची पद्धत आली. युनिव्हर्सलच्या उद्यानांतही एक्स्प्रेस पास विकला जातो, आणि आपल्याकडे इमॅजिकानेही एक्स्प्रेस तिकीट विकलेले आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, हाही पुढे गेला आणि तोही पुढे गेला. पण हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकटा माणूस कोणीच बसणार नव्हते त्या सीटवर बसतो. पैसे देणारा मात्र रांगेतले दुसरे कोणीतरी बसणार होते त्या सीटवर बसतो. वरच्याच उदाहरणात तासाला बसणाऱ्या ९०० पैकी ३०० जागा पैसेवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला ६०० उरतात. साध्या तिकिटाच्या ९०० माणसांची रांग ६० मिनिटांऐवजी ९० मिनिटांची होते. ती वाढलेली ३० मिनिटे प्रत्येक साध्या गिऱ्हाइकाच्या खिशातून गेली आणि ती काढून घेताना त्याला कोणी विचारले नाही.

उद्यानवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचा खर्च मोठा आहे, यंत्रे परदेशातून येतात आणि पावसाळ्यात गर्दी ओसरते. आधीच सांगून, मर्यादा ठेवून एखादी सोय जादा दराने विकणे हा त्यांचा व्यवहार आहे. रेल्वेतही पहिल्या वर्गाचा डबा असतो. पण पहिल्या वर्गाचा डबा वेगळा जोडलेला असतो, दुसऱ्या वर्गातल्या बसलेल्या माणसाला उठवून तो तयार केलेला नसतो. सगळा प्रश्न इथेच आहे. जादा पैशाने जादा जागा निर्माण होते की दुसऱ्याची जागा उचलून दिली जाते?

सफ आणि खांदे

आपल्याला हा फरक नवीन नसावा. मशिदीत आपण तो दर जुम्याला पाहतो. पुढच्या सफमध्ये जागा रिकामी असेल तर ती भरून काढण्याची आपल्याला ताकीद आहे. मागून आलेला माणूस त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला तर कोणी रागावत नाही, उलट दोन्ही बाजूंचे लोक सरकून जागा करतात. पण उशिरा येऊन बसलेल्या लोकांच्या खांद्यांवरून पाय टाकीत पुढे जाण्याची हदीसमध्ये मनाई आहे. एखाद्याला त्याच्या जागेवरून उठवून स्वतः तेथे बसू नये, सरकून जागा करून द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मजलिसमध्ये जागा करून देण्याचा हुकूम कुरआनच्या सूरह अल-मुजादलामध्येही आला आहे.

सफची पोकळी भरणे आणि लोकांच्या खांद्यांवरून जाणे, दोन्हींत माणूस पुढेच जातो. एकात जमातीचा फायदा आहे आणि दुसऱ्यात लोकांना त्रास आहे. हीच कसोटी आपण आपल्या दुकानाला आणि कारखान्याला लावून पाहू.

दुकानातील रिकामी सीट

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा लग्नसराईत कापडाच्या दुकानाची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. एक कुटुंब लग्नाचा बस्ता काढायला बसले आहे. पंचवीस साड्या समोर पसरल्या आहेत आणि आई, मावशी व होणारी नवरी यांचा सल्ला चालू आहे. सेल्समन हात बांधून उभा आहे. दारात एक माणूस अडीच मीटर अस्तरासाठी वीस मिनिटे ताटकळतो आणि शेवटी शेजारच्या दुकानात जातो.

सल्ला चालू असताना सेल्समनची जी चार मिनिटे मोकळी आहेत, ती आपली रिकामी सीट. त्यात अस्तर फाडून देता येते, फॉल देता येतो, रुमाल किंवा टोपी देता येते. त्यासाठी बस्त्याच्या कुटुंबाला एक मिनिटही जास्त थांबावे लागत नाही. मात्र साडी उलगडून दाखविणे चालू असताना सेल्समनला मध्येच बोलावून घेतले, तर ती रिकामी सीट राहिली नाही. तुम्ही बसलेल्या गिऱ्हाइकाला उठविले.

ज्यांच्या दुकानात जागा आहे त्यांनी अस्तर, फॉल, परकर, ब्लाउजपीस आणि रुमाल यांसाठी दाराजवळ छोटे काउंटर ठेवावे व त्यावर एक होतकरू मुलगा बसवावा. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी निदान एवढा नियम करावा की मोठ्या खरेदीतला सेल्समन मोकळा झाला की किरकोळ गिऱ्हाइकाकडे आपणहून वळेल. "एकच वस्तू पाहिजे" म्हणून पुढे येऊन नंतर पाच तागे उघडायला लावणारे गिऱ्हाईकही भेटते. त्याला गोड शब्दांत मुख्य नंबर दाखवावा. उद्यानातही एकट्यांच्या रांगेतून जाऊन "आम्हा चौघांना एकत्र बसवा" म्हणणाऱ्यांचे ऐकत नाहीत.

मालाच्या वाहतुकीतही तेच आहे. भिवंडीहून माल घेऊन चेंबूर, कुर्ल्याकडे येणारा टेम्पो अर्धा भरलेला असतो आणि परतताना पुष्कळदा रिकामा जातो. छोट्या दुकानदाराची एक-दोन गाठींची ने-आण त्या उरलेल्या जागेत होऊ शकते. टेम्पोवाल्याला डिझेलचा बराच भार हलका होतो आणि छोट्याला पूर्ण गाडीचे भाडे पडत नाही. शर्त एकच, ज्याने पूर्ण गाडी ठरविली आहे त्याच्या मालाला उशीर होता कामा नये, आणि त्याच्या गाडीत दुसऱ्याचा माल घालायचा तर त्याला आधी विचारले पाहिजे. जागा त्याच्या पैशाची आहे.

अर्जंटचे पैसे

सर्वांत नाजूक जागा शिंप्याची आहे. एक मजूर बाप शाबान महिन्यातच मुलाच्या सलवार-कमीजचे कापड देऊन जातो. पावतीवर तारीख घालून घेतो. चाँदरातीच्या दोन दिवस आधी दुसरा गिऱ्हाईक गाडीतून उतरतो आणि दुप्पट शिलाई टेबलावर ठेवतो. मास्तर त्याचे कापड वर घेतो. मजुराला चाँदरातीला "उद्या या" असे सांगितले जाते. उद्या तर ईद आहे. त्याचे मूल ईदगाहला जुन्या कपड्यांत जाते.

येथे रिकामी सीट नव्हती. मजुराचा नंबर उचलून दुसऱ्याला विकला गेला. पावती हा वायदा आहे, आणि वायदा पाळण्याची जबाबदारी शिलाईच्या दराप्रमाणे कमी-जास्त होत नाही. मापात कमी देणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये सक्त इशारा आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ठरलेल्या वेळेत कमी देणे हेही मापात कमी देण्याच्या जवळचेच आहे. या बाबतीत उलमांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे.

मग अर्जंट काम घ्यायचेच नाही का? घ्यावे, पण जागा निर्माण करून घ्यावे. तरावीहनंतर दोन तास जादा मशीन चालविली, त्या दोन तासांसाठी कारागिराला जादा मजुरी दिली आणि त्याच वेळेत अर्जंटचे कपडे शिवले, तर ती नवीन सीट झाली. तिचे जादा पैसे घेणे रास्त आहे. काज-बटणाची मशीन दोन लॉटच्या मध्ये मोकळी असेल आणि त्यात एखाद्याचे काम बसले, तर तेही रास्त आहे. कसोटी सोपी आहे. हे काम घेतल्याने आधी वायदा दिलेल्या एकाही माणसाची तारीख सरकते का? सरकत असेल तर तो पैसा दुसऱ्याच्या खिशातला आहे.

थांबण्याची वेळ खरी सांगावी

रांग कमी करता येत नसेल तेव्हा निदान वेळ खरी सांगता येते. त्याचे सूत्र फार सोपे आहे. पुढे असलेली माणसे भागिले दर मिनिटाला मोकळी होणारी माणसे म्हणजे थांबण्याची वेळ. या नात्याचा गणिती पुरावा अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिला, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. तुमच्या काउंटरवर एका गिऱ्हाइकाला सरासरी चार मिनिटे लागत असतील आणि पुढे नऊ जण असतील, तर दहाव्याला ३६ मिनिटांनी नंबर लागेल. त्याला "बस, पाचच मिनिटे" म्हणून बसवून ठेवू नये. ३६ मिनिटे सांगितली तर तो चहा घेऊन, नमाज पढून परत येईल. पाच सांगितली तर सहाव्या मिनिटापासून त्याचा राग सुरू होईल.

मोठ्या उद्यानांत रांगेच्या तोंडाशी वेळेचा बोर्ड असतो. ती वेळ काढण्यासाठी डिस्नेच्या उद्यानात रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हाती लाल कार्ड देत असत. राइडपाशी ते परत घेतले की प्रत्यक्ष किती वेळ लागला ते कळे. बोर्डावर थोडी जास्त वेळ लिहिण्याची रीतही आहे, म्हणजे माणूस लवकर पोहोचला तर खुश होतो. शिंपी बांधवांनी यातले चांगले तेवढे घ्यावे. दोन दिवसांचे काम असेल तर तीन दिवस सांगावेत आणि तिसऱ्या दिवशी ते हातात द्यावे.

डेव्हिड मेस्टर या लेखकाने १९८५ मध्ये रांगेतील माणसाच्या मनाविषयी एक निबंध लिहिला, तो व्यवस्थापनाच्या अभ्यासात आजही वाचला जातो. त्यातील मुद्दे आपल्याला अनुभवाने पटतील असे आहेत. रिकामे बसलेल्याला वेळ लांब वाटतो, हातात काही असले तर आखूड वाटतो. किती थांबायचे ते माहीत नसले की जास्त लांब वाटतो. आणि अन्याय झाला असे वाटले की तोही लांब वाटतो. अर्धा तास शांतपणे उभा राहिलेला माणूस ओळखीच्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने आत घेतलेले पाहतो, तेव्हा एका मिनिटात भडकतो. त्याचा राग वेळेचा नसतो, इन्साफचा असतो.

म्हणून एकट्याला पुढे घेतानाही कारण मोठ्याने सांगावे. शेअर रिक्षाचा ड्रायव्हर "एक सीट" असे ओरडतो ते केवळ प्रवाशाला बोलावण्यासाठी नव्हे. सगळ्या रांगेला ऐकू जाते की जागा एकच होती. दुकानदारानेही "आपा, तुमचे पाहणे होईपर्यंत यांचे अस्तर फाडून देतो" इतके म्हटले तर आपाही मान हलवितात.

थोडक्यात

आपल्या धंद्यात रोज कितीतरी सीट रिकाम्या जातात. मशीनचा मोकळा तास, सेल्समनची मोकळी चार मिनिटे, परतीचा टेम्पो, तागा संपताना उरलेला तुकडा. भाव वाढविण्याआधी आणि जादा पैसे घेऊन नंबर बदलण्याआधी या रिकाम्या सीट मोजाव्यात. एका वहीत आठवडाभर नोंद ठेवली तरी पुष्कळ काही दिसेल. त्या भरल्या तर गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो, आपली कमाई वाढते आणि कोणाचा हक्कही बुडत नाही.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाने आपला वेळ आपल्याकडे अमानत म्हणून ठेवलेला असतो. त्यात खयानत होऊ नये, एवढी खबरदारी घेतली तर बाकीचा हिशेब आपोआप जुळतो. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.